सातबारा ते शेअर: मगरपट्ट्याची गोष्ट

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या कर्जाबद्दल बोललो. आज जमिनीबद्दल बोलू. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसर लागतं. तिथून डाव्या हाताला मुंढव्याकडे वळलं, की काचेच्या उंच इमारती दिसतात. कचेऱ्या, बंगले, शाळा, बाग असं एक शहरच तिथे आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे शेती होती. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा हडपसरवरून जातो. त्याच्या पाण्यावर इथे ऊस आणि भाजीपाला पिकायचा.

जमीन होती मगर भावकीची. साधारण सव्वाशे कुटुंबं आणि मिळून चारशे एकरांहून जास्त रान.

शहर जवळ आलं की शेतकऱ्याच्या दारात दोन माणसं येतात. एक सरकारी, हातात नोटीस घेऊन. दुसरा दलाल, पिशवीत पैसे घेऊन. पुणे जिल्ह्याने दोन्ही पाहिले. पिंपरी-चिंचवडला 1972 साली नवनगर प्राधिकरण झालं. त्याने शेतजमिनी घेतल्या, आणि जमिनीच्या परताव्यासाठी तिथली घरं पुढे कित्येक वर्षं भांडत राहिली. दलालाच्या पैशाचं काय झालं, ते तर आपण सगळ्यांनीच बघितलंय. गुंठ्यागुंठ्याने रान गेलं, लग्नात हत्तीएवढा खर्च झाला, दारात गाडी आली. ‘गुंठामंत्री’ हा शब्द काही उगाच नाही आला.

मगरांच्या डोक्यावर ही दोन्ही भीतं होती. 1982 च्या पुण्याच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात त्यांची जमीन पुढे शहरीकरणासाठी म्हणून दाखवली गेली. त्याआधी 1976 सालीच नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा आला होता. म्हणजे शेती फार दिवस राहणार नाही, हे उघड होतं. तेव्हा त्यांच्यातलेच सतीश मगर, शेतकी कॉलेजात शिकलेले, यांनी 1993 च्या सुमारास घरोघरी एक गोष्ट मांडली: जमीन विकायचीच नाही, सगळ्यांनी मिळून आपणच शहर बांधायचं.

आता यात पैसा कुठून आला, ते नीट बघू. आपल्या गटात प्रत्येकीचे शंभर-दोनशे जमतात, आणि त्या जमलेल्या पैशावर आणि एकजुटीवर बँक कर्ज देते. इथे प्रत्येकाने जमीन घातली. कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. एक एकरवाल्याला एक एकराचे, दहावाल्याला दहाचे. सगळं रान एका ठिकाणी आल्यावर त्यावर गृहकर्ज देणाऱ्या संस्थेकडून कर्ज मिळालं. 2000 साली बांधकाम सुरू झालं. घरं घेणाऱ्यांचे हप्ते येऊ लागले, त्यातून पुढच्या इमारती उठल्या. विकलेल्या घरांच्या रकमेतला वाटा जमीनवाल्यांकडे गेला. कचेऱ्यांच्या इमारती भाड्याने दिल्या. घर विकलं की पैसा एकदाच येतो, भाडं मात्र दर महिन्याला येतं. दुभतं जनावर विकणं आणि त्याचं दूध विकणं यात जो फरक, तोच हा. शिवाय घरातल्या पोरांनी बांधकामाची छोटी-मोठी कंत्राटं घेतली, माल पुरवला, बागा केल्या.

सव्वाशे घरं एका मतावर आणणं ही मात्र सोपी गोष्ट नाही. भावकी म्हणजे काय, हे बांधावरून भांडलेल्या कुणालाही विचारा! पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड गावच्या शेतकऱ्यांनीही याच धर्तीवर नांदेड सिटी उभी केली. ती तर आणखी मोठी, सातशे एकरांच्या आसपास.

पण आम्हाला या गोष्टीतलं एक वाक्य खटकतं: ज्याची जमीन, त्याचा शेअर. जमीन कुणाची, हे सातबारा सांगतो. त्या रानात आयुष्यभर खुरपलेल्या मजूर बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं. तिला शेअर नाही, भाडंही नाही. आणि घरच्या बाईचं?

आपल्या जिल्ह्यातच, चाकणजवळ आंबेठाणला राहणाऱ्या शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली. नवऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करायची, आणि शंभर घरांनी केली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. जळगावच्या विटनेर गावाने त्यात पुढाकार घेतला. मग 1994 साली महाराष्ट्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्या वर्षीच्या 22 जूनआधी लग्न झालेल्या लेकींना वगळलं. 2005 साली देशाचा कायदा बदलला, त्यात लग्नाची अट राहिली नाही. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे आणि 2005 साली वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही.

कायदा आहे, पण त्याच्याआधी येतो हक्कसोडीचा कागद. भाऊ म्हणतो, ताई, एवढी सही कर. माहेर तुटायला नको म्हणून ताई करते. शेतीची जमीन होती तोवर वर्षाला पोतंभर ज्वारी यायची, ती सोडली असं वाटायचं. त्याच जमिनीचे उद्या शेअर झाले, तर ती सही भाड्यावरची, डिव्हिडंडवरची, तिच्या मुलींच्या वाट्यावरचीही ठरते.

आमच्या गटात आम्ही एकदा सगळ्यांना घरचा सातबारा आणायला सांगितलं. एकीच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव होतं, त्यांना जाऊन बारा वर्षं झालेली. तिच्या नवऱ्याचंच नाव नाही, तर तिचं कुठून येणार? आधी वारसनोंद करावी लागली. दुसरी म्हणाली, आमच्याकडे फेरफार झाला तेव्हा मला कुणी सांगितलंच नाही. फेरफाराची नोंद तलाठ्याकडे झाली की हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. नोटीस घरी येते, पण हातात कुणाच्या पडते, हा प्रश्न आहे. आता त्या दोघी दर सहा महिन्यांनी मोबाइलवर उतारा काढून बघतात. सासूबाईंनाही वाचून दाखवतात.