मोटारीच्या ब्रेक पॅडची झीज
जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरकडे मोटारीने येताना कुरई घाट उतरावा लागतो. अशा उतारावर चालकाची भिस्त ब्रेक पॅडवर असते. ब्रेक दाबताच कॅलिपरमधील दोन पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि घर्षणामुळे वेग कमी होतो. त्या वेळी वाहनाचा भार पुढे येत असल्याने पुढील चाकांचे पॅड सहसा लवकर झिजतात.

नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आल्यावर पॅड बदलणे इष्ट ठरते. याच सुमारास अनेक पॅडवरील धातूची पट्टी डिस्कला घासून कर्कश आवाज करते. हा इशारा दुर्लक्षिल्यास पॅडची लोखंडी पाठ डिस्कला घासू लागते, डिस्क खराब होते आणि वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते.

पुढील दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी बदलावेत, अन्यथा ब्रेक लावताना वाहन एका बाजूस ओढले जाण्याची शक्यता असते. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरल्यास पॅड कमी तापतात व अधिक काळ टिकतात.