कुठ : सुगंध जमिनीखाली

लाहौलमधल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांच्या परसात बटाट्याच्या वाफ्याशेजारी माणसाएवढी उंच रोपे उभी होती. रुंद पाने, शेंड्याला काळपट जांभळे, काटेरी गेंद. मी फूल हुंगले, पण खास वास आला नाही. साहेब हसले. "साब, खुशबू नीचे है." त्यांनी सुकलेल्या मुळाचा तुकडा हातावर ठेवला आणि मला थेट आजीचा औषधी डबा आठवला. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात उपलेट किंवा कोष्ठ म्हणून मिळते, तेच हे कुठ.

या मुळाचा प्रवास फार जुना आहे. अथर्ववेदात 'कुष्ठ' वनस्पतीची सूक्ते आहेत. ती हिमालयात उगवते आणि ताप घालवते, असे त्यांत म्हटले आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात तिचे नाव आहे. रोमन लोक तिला कॉस्टस म्हणत आणि सुगंधी लेपांत वापरत. चीनमध्ये तिचा धूप जळे. काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून घड्यांत हीच मुळे ठेवत. मात्र कॉस्टस म्हणजे नेमके कोणते झाड, हे युरोपला १८४०च्या दशकात ह्यू फाल्कनरने काश्मीरमध्ये ओळख पटवल्यावर कळले.

एवढ्या मागणीनेच घात केला. मूळ काढले की झाड संपते. डोंगरउतार खणले गेले आणि १९८५ साली रानातल्या कुठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

तग धरली ती लागवडीने. लाहौलमध्ये १९२०च्या दशकात कुठाची शेती सुरू झाली. हलके, सुकवून टिकणारे, चांगला भाव देणारे हे पीक खेचरावर लादून खिंडीपार नेता येई. पुढे चीनने युन्नानमध्ये स्वतःची लागवड उभी केली, इकडे बटाटा आणि मटार आले, आणि कुठ शेताच्या कडेला सरकले.

मूळ भरायला साधारण तीन वर्षे लागतात. माझी बदली झाली तेव्हा साहेबांची रोपे दुसऱ्या वर्षात होती. निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी कुंपणाकडची चार झाडे दाखवली. ती खणायची नाहीत, बियांसाठी राखायची. मुलगा ती जागा मटाराला मागतो आहे. साहेबांनी अजून हो म्हटलेले नाही.