मकबऱ्यातली बिऱ्हाडे

इतिहास सांगताना आपण बांधणाऱ्यांची नावे घेतो. बादशहा, वजीर, सरदार. पण ती वास्तू पुढे शेकडो वर्षे कोणी झाडली, तिथे दिवा कोणी लावला, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही.

पूर्वी या कामाची तजवीज करून ठेवलेली असे. शहाजहानने ताजमहालासाठी ३० गावांचे उत्पन्न वक्फ केले. त्यातून आधी डागडुजी करायची आणि उरलेल्या रकमेतून सेवकांचे पगार व गोरगरिबांचे अन्न भागवायचे, असे अब्दुल हमीद लाहोरीने 'बादशाहनाम्या'त नोंदवले आहे. आपल्याकडेही दर्ग्यांच्या दिवाबत्तीसाठी मुजावरांना इनाम जमिनी असत. म्हणजे राखणदाराचे पोट हा वास्तूच्याच हिशेबाचा भाग होता. पुढे राज्ये गेली. मुंबई इलाख्यात १८५२च्या कायद्याने इनामदारांकडे पुरावे मागितले गेले आणि अनेकांची इनामे गेली. हिशेब तुटला, पण इमारती उभ्याच राहिल्या.

दिल्लीतल्या अशा इमारतींत माणसांनी बिऱ्हाडे थाटली. आज जिथे लोदी गार्डन आहे, तिथे खैरपूर नावाचे गाव होते. मुहम्मदशहा सय्यद आणि सिकंदर लोदी यांचे मकबरे, १४९४ची बडा गुंबदची मशीद या सगळ्यांच्या आडोशाने गावकरी राहत. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात गारवा मिळे आणि पावसात डोक्यावर पक्के छत असे. चुलीच्या धुराने नक्षी काळवंडते, गुरे बांधल्याने फरशी खराब होते, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या छताखाली आपली लेकरे झोपतात, त्याच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप माणूस लगेच उपटून टाकतो. रिकाम्या वास्तूत ते वाढत राहते.

१९३६ साली गाव उठवून तिथे बाग करण्यात आली आणि तिला व्हाइसरॉयच्या पत्नीचे, लेडी विलिंग्डनचे, नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर ती लोदी गार्डन झाली. मकबरे वाचले, हिरवळ आली, ही चांगलीच गोष्ट घडली. बिऱ्हाडे मात्र गेली.

आता याच शहरातले दुसरे उदाहरण पाहू. मेहरौलीत मुहम्मद कुली खानाचा मकबरा आहे. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारचा दिल्लीतला बडा अधिकारी थॉमस मेटकाफ याने त्याचे आपले विश्रामगृह केले. कबरीच्या दालनाला जोडून खोल्या काढल्या, भोवती बाग केली आणि नाव ठेवले 'दिलकुशा'. हा परिसरही आज सार्वजनिक उद्यानात आहे. साहेबाचे तिथले राहणे इतिहासात शौक म्हणून नोंदले गेले. शेतकऱ्याचे राहणे अतिक्रमण ठरले. दोघेही राहत होते मकबऱ्यातच!

आपल्या गावोगावच्या दर्ग्यांभोवती आणि मकबऱ्यांभोवती आजही पिढ्यान्‌पिढ्या सेवा करणारी घराणी आहेत. वास्तू जपण्यासाठी त्यांना शिकवावे लागेल, काही ठिकाणी घरे हलवावीही लागतील. पण त्यांना नुसते अतिक्रमणदार म्हणून हाकलण्याआधी त्यांची नोंद व्हायला हवी. ते काम सरकार करील याची वाट आपण का पाहावी? घरातल्या जुन्या सनदा पेटीतून बाहेर काढू. उरुसाच्या पहाटे दर्गा कोण धुते, तेल कोण आणते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवू. खैरपूरच्या बायामाणसांना हे कोणी विचारले असते, तर लोदी गार्डनचा इतिहास सुलतानांपाशीच थांबला नसता.