कोलोरॅडोच्या पाण्याचा हिशेब

नदीला आपण माता म्हणतो, पहिला पूर आला की खणानारळाने तिची ओटी भरतो. परंतु ही माता वर्षाकाठी किती पाणी देते, हा प्रश्न तिच्या काठी राहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात येतो. घरी येणाऱ्या दुधाचा हिशेब आपण ठेवतो, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. नदीच्या पाण्याचा हिशेब ठेवण्याची निकड ते पाणी अनेकांत वाटून घ्यावयाचे ठरते तेव्हा भासू लागते. आणि त्या वेळी बहुधा असे आढळते की, वाटणीची घाई मोठी असून मोजणीची वर्षे मात्र थोडी आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या बाबतीत हे कसे घडले, सरकारी शास्त्रज्ञांनी काय मोजले, काय सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी त्यांपैकी किती ऐकले, ही हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

रॉकी पर्वतावरील बर्फाच्या पाण्यावर पोसलेली ही नदी सुमारे १,४५० मैल वाहत कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाते. तिच्या वाटेवरचा बराचसा प्रदेश रुक्ष आणि ओसाड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या मधल्या प्रवाहाचा नकाशादेखील कोणापाशी नव्हता. ही उणीव भरून काढण्याचे श्रेय जॉन वेस्ली पॉवेल या गृहस्थांकडे जाते. १८६२ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, शायलोच्या रणभूमीवर त्यांचा उजवा हात निकामी होऊन कापावा लागला होता. असा हा एकहाती भूगर्भशास्त्रज्ञ २४ मे १८६९ रोजी नऊ सोबत्यांसह चार होड्या घेऊन निघाला. ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीतून सुमारे तीन महिन्यांनी ते बाहेर पडले, तेव्हा होड्या दोन उरल्या होत्या आणि माणसे सहा. एकाने आरंभीच मोहीम सोडली होती. शेवटच्या धबधब्यांना भिऊन तिघे दरीवर चढून गेले, ते मारले गेले.

या धाडसामुळे पॉवेल यांचे नाव देशभर झाले. तथापि त्यांचे खरे कार्य पुढेच होते. १८७८ साली त्यांनी कोरड्या प्रदेशातील जमिनींविषयी एक अहवाल सरकारला सादर केला. देशाच्या मध्यातून जाणाऱ्या शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस पाऊस साधारणतः वीस इंचांहून कमी पडतो. तेथे केवळ पावसावर शेती होणार नाही, कालव्याचे पाणी पाहिजे. आणि उपलब्ध पाणी जमिनीच्या मानाने फारच थोडे आहे, असे त्याचे सार होते. युटा प्रांतात शंभर एकरांपैकी तीन एकरांनाही पाणी पुरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्या काळी जमिनीच्या व्यापाऱ्यांनी आणि रेल्वे कंपन्यांनी एक निराळीच समजूत पसरविली होती. नांगर जेथे जाईल तेथे त्याच्यामागून पाऊसही जाईल, असे ते सांगत असत. काही ओली वर्षे लागोपाठ आल्याने लोकांचा त्यावर विश्वासही बसला होता.

१८७९ साली अमेरिकेचे भूगर्भ-पाहणी खाते स्थापन झाले आणि १८८१ मध्ये पॉवेल त्याचे दुसरे प्रमुख झाले. दुष्काळाची चाहूल लागल्यावर १८८८ साली कायदेमंडळाने या खात्याकडे पाटबंधाऱ्यांच्या पाहणीचे काम सोपविले. परंतु मोजणार कोण? नदी मोजण्याची विद्या जाणणारे लोक खात्यात नव्हतेच. तेव्हा न्यू मेक्सिकोमध्ये रिओ ग्रांद नदीच्या काठी एम्बुडो या लहानशा गावी, फ्रेडरिक न्यूवेल यांच्या हाताखाली काही तरुणांस शिक्षण देण्यात आले, आणि १८८९ च्या आरंभी तेथे या खात्याचे पहिले नदीमापन केंद्र सुरू झाले.

ही मापनाची रीत मुळात साधी आहे. काठाशी खुणा केलेली पट्टी उभारून पाण्याची उंची रोज टिपावयाची. नदीच्या आडव्या छेदाचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाची रुंदी आणि खोली मोजावयाची. मग पाण्यात फिरते चक्र सोडून त्याच्या फेऱ्यांवरून प्रवाहाचा वेग काढावयाचा. रुंदी, खोली आणि वेग यांच्या गुणाकाराने त्या पट्ट्यातून सेकंदाला जाणारे घनफूट पाणी समजते, आणि सर्व पट्ट्यांची बेरीज म्हणजे नदीचा त्या वेळचा प्रवाह. निरनिराळ्या उंचीला असे मापन अनेकदा केले म्हणजे उंची व प्रवाह यांचे कोष्टक तयार होते, आणि पुढे नुसती पट्टी वाचून प्रवाह सांगता येतो. परंतु पूर आला की नदीचे पात्र बदलते, आणि कोष्टक पुनः तपासावे लागते. म्हणून या कामात एका दिवसाच्या हुशारीपेक्षा वर्षानुवर्षांच्या सातत्याचे मोल अधिक आहे.

नेमके हे सातत्यच कोणाला नको होते. पाहणी पुरी होईपर्यंत सरकारी जमिनी वाटू नयेत, असा प्रसंग येताच पश्चिमेकडील पुढारी संतापले आणि १८९० मध्ये त्या पाहणीचा पैसा तोडण्यात आला. १८९३ साली लॉस एंजल्स येथे पाटबंधाऱ्यांच्या पुरस्कर्त्यांची परिषद भरली. या साऱ्या जमिनींना पुरेल इतके पाणी नाही आणि तुम्ही पुढील पिढ्यांकरिता तंटे व खटले गोळा करून ठेवीत आहात, असे पॉवेल यांनी तेथे स्पष्ट सांगितले. सभेने त्यांची हुर्यो उडविली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी पद सोडले. नदीमापनाचे काम मात्र थांबले नाही, आणि १८९६ पासून खात्याने पाण्याविषयीचे अहवाल छापण्यास आरंभ केला.

याच सुमारास कोलोरॅडोने आपले दुसरे रूप दाखविले. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात पाणी नेणाऱ्या एका कंपनीने १९०४ साली नदीचा काठ फोडून नवीन पाट काढला, पण त्याच्या तोंडाशी दरवाजे बसविले नाहीत. १९०५ च्या पुरांनी ते तोंड रुंदावले, आणि अखेर जवळजवळ सारी नदी समुद्राची वाट सोडून त्या सखल प्रदेशात शिरली. फेब्रुवारी १९०७ मध्ये ते भगदाड कायमचे बुजविण्यात आले. तोवर तेथे सॉल्टन नावाचे सरोवर निर्माण झाले होते, ते अद्यापि आहे. धरण पाहिजे, या मागणीला या आपत्तीने मोठेच बळ दिले. धरण म्हटले की पाण्यावरचा हक्क आला, आणि हक्क म्हटला की वाटणी आली.

खात्यातील जलतज्ज्ञ यूजीन क्लाइड ला रू यांनी १९१६ साली कोलोरॅडोच्या उपयोगाविषयी आपला अहवाल प्रसिद्ध केला. खोऱ्यातील सर्व भिजवण्याजोग्या जमिनींना हे पाणी पुरेसे नाही, असा स्पष्ट निष्कर्ष त्यात होता. त्यांची दृष्टी केवळ हाताशी असलेल्या आकड्यांवर थांबली नाही. नदीची मोजणी अलीकडची. परंतु युटातील खाऱ्या सरोवराची पातळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लोकांना ठाऊक होती. त्या पातळीच्या चढउतारावरून पूर्वीची वर्षे अधिक कोरडी गेली असली पाहिजेत, असे त्यांनी ताडले. मोजलेली वर्षे ही नेहमीची वर्षे नसतील, हा तो इशारा होता.

२४ नोव्हेंबर १९२२ रोजी सांता फे येथे, व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली, सात राज्यांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या. वरच्या भागाला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या भागाला ७५ लाख. एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट. शिवाय खालच्या राज्यांना आणखी १० लाखांची मुभा मिळाली, आणि पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख देण्याचे ठरले. बेरीज १७५ लाख! आणि नदीत पाणी किती? वाटाघाटी करणाऱ्यांपुढे सुमारे १६४ लाखांचा आकडा होता. तो फार खाली, युमा येथे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत केलेल्या मोजणीवर आधारलेला होता. ज्या लीज फेरीपाशी नदीची वाटणी झाली, तेथील मापन केंद्र तर १९२१ सालीच सुरू झाले होते. ला रू यांस या वाटाघाटींत स्थान नव्हते. कोणी खोटा आकडा रचला असे येथे म्हणावयाचे नाही. हाती आलेला आकडा सर्वांच्या सोयीचा होता. आणि सोयीच्या आकड्याला, तू किती वर्षांचा, असे कोणी विचारीत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर झाडांनी दिले. ओल्या वर्षी झाडाच्या खोडातील वलय रुंद होते, कोरड्या वर्षी अरुंद. चार्ल्स स्टॉकटन आणि गॉर्डन जॅकोबी यांनी या वलयांवरून सुमारे साडेचारशे वर्षांचा प्रवाह काढला, आणि १९७६ साली वार्षिक सरासरी सुमारे १३५ लाख एकर-फूट असल्याचे प्रसिद्ध केले. करारापूर्वीची दोन दशके ही त्या साऱ्या कालखंडातील अत्यंत ओल्या काळांपैकी होती. पुढील संशोधकांचे आकडे थोडे खालीवर झाले, परंतु १६४ लाखांपर्यंत त्यांतील कोणताही पोचला नाही. २००० सालानंतरच्या दोन दशकांत तर सरासरी सव्वाशे लाखांच्या आसपास उतरली. ऑगस्ट २०२१ मध्ये हूव्हर धरणाच्या मीड सरोवरात तूट असल्याचे सरकारने प्रथमच जाहीर केले, आणि जुलै २०२२ मध्ये त्याची पातळी १९३०च्या दशकात ते प्रथम भरले तेव्हापासूनची सर्वांत खालची ठरली. वरच्या बाजूच्या मोठ्या जलाशयाला पॉवेल यांचेच नाव दिलेले आहे. तोही त्या काळात निम्म्याहून अधिक रिता होता.

नदी आटली की मनुष्य विहिरीकडे वळतो. येथेही विज्ञानाने एक गोष्ट दाखवून दिली आहे. भूगर्भ-पाहणी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली असे दाखविले की, कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यातील निम्म्याहून अधिक प्रवाह भूजलातून झिरपून येतो. त्यापूर्वी, २०१४ मध्ये, उपग्रहांनी टिपलेल्या गुरुत्वाकर्षणातील फरकांवरून कळून आले होते की, २००४ च्या अखेरीपासून नऊ वर्षांत या खोऱ्याने गमावलेल्या पाण्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाणी जमिनीखालचे होते. म्हणजे ज्यास आपण दुसरी तिजोरी समजतो, ती पहिल्याच तिजोरीचा तळ आहे.

आपल्या कृष्णेच्या वाटणीकडे पाहिले असता या हकीकतीचे मर्म अधिक स्पष्ट होते. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादापुढे विजयवाडा येथील १८९४ पासूनच्या ७८ वर्षांचे प्रवाह होते. त्यांची सरासरी लवादाने वाटणीस घेतली नाही. चार वर्षांपैकी तीन वर्षे खात्रीने मिळेल तेवढेच, म्हणजे २,०६० अब्ज घनफूट पाणी आधारास धरले, आणि महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्रास ८०० असे वाटून दिले. त्यामुळे तंटे मिटले असे नाही. परंतु सरासरीच्या आशेवर वाटणी करणे आणि खात्रीच्या पाण्यावर करणे, यांतील भेद त्या निवाड्याने मान्य केला.

काठावरची पट्टी वाचणाऱ्या माणसाचे काम नीरस असते. रोज एक आकडा लिहावयाचा आणि पुढच्या माणसाच्या हाती वही द्यावयाची. त्याचा उपयोग बहुधा त्याच्या हयातीनंतर होतो. पॉवेल आणि ला रू यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या काळी कोणास रुचली नाही, कारण ती नकाराची होती. आज त्या खोऱ्यातील सुमारे चार कोटी लोक त्या नदीवर विसंबून आहेत, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर वाटलेले पाणी परत कसे मागावयाचे, या कोड्यात त्यांची सरकारे पडली आहेत. आपल्याकडे एखाद्या नदीचे, तलावाचे वा गावच्या विहिरींचे पाणी वाटावयाचा प्रसंग येईल, तेव्हा किती पाणी आहे याबरोबरच ते किती वर्षे मोजले आहे, हेही विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.