प्राथमिक शाळेंतील कवाईत आणि खेळ

लहान मुलानें खेळावें हें कोणास सांगावें लागत नाहीं. मुलाला तर नाहींच नाहीं. तथापि गेल्या दीडशें वर्षांत निरनिराळ्या देशांतील सरकारांना, समित्यांना व शिक्षणाधिकाऱ्यांना हीच गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागली आहे. असें कां व्हावें? हा प्रश्न आमच्या मनांत प्रथम आला तो एका जुन्या आठवणीमुळें. आम्ही तिसऱ्या इयत्तेंत असतांना वेळापत्रकांत शनिवारचा शेवटचा तास खेळाचा म्हणून लिहिलेला असे. वर्षभरांत तो आम्हांस एकदांहि मिळाला नाहीं. दर शनिवारीं फळ्यावर भागाकाराचीं उदाहरणें येत. गुरुजी दुष्ट नव्हते. आमच्या वडील मंडळींना जें हवें होतें तेंच ते करीत होते. शाळेंतील व्यायामाचा इतिहास वाचतांना तो फळा आमच्या डोळ्यांपुढें वारंवार येतो. कारण मुलाच्या खेळाची वेळ मोठ्यांनीं आपल्या कोणत्या कामीं लावली, याचाच तो बव्हंशीं इतिहास आहे.

अर्वाचीन युरोपांत या विषयाचे दोन प्रवाह आरंभींच दिसतात. जर्मनींतील श्नेफेन्थाल येथील शाळेंत शिकविणाऱ्या गुट्समुट्स यानें १७९३ सालीं तरुणांच्या व्यायामावर एक ग्रंथ लिहिला व पुढें तीनच वर्षांनीं केवळ खेळांवर दुसरा लिहिला. खेळ हा स्वतंत्र ग्रंथास पात्र असा विषय आहे, असें एका शिक्षकास वाटलें, ही लहान गोष्ट नव्हे. दुसरा प्रवाह स्वीडनचा. पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षकांची संस्था काढली. त्याच्या पद्धतींत शरीराच्या एकेका अवयवाची हालचाल ठरलेल्या क्रमानें व हुकुमाबरोबर करावयाची असे. पहिल्या प्रवाहांत आनंद पुढें व नियम मागें. दुसऱ्यांत नियम पुढें व आनंद जमल्यास मागून.

या दोहोंपैकीं सरकारांना दुसरा अधिक सोयीचा वाटला, यांत नवल नाहीं. इंग्लंडचें उदाहरण घेऊं. तेथें १८६२ पासून प्राथमिक शाळांचें सरकारी अनुदान मुख्यतः वाचन, लेखन व अंकगणित यांतील परीक्षेच्या निकालावर अवलंबून असे. ज्याचे पैसे मिळत नाहींत तें शाळेनें कशास शिकवावें? १८७० च्या शिक्षणकायद्यानंतर, १८७१ सालीं, नियमांत एक सवलत मिळाली: आठवड्यास दोन तासांपर्यंत व वर्षांतून वीस आठवडे मुलग्यांनीं कवाईत केल्यास ती शाळेंतील हजेरींत धरली जावी. ही कवाईत शिकविण्यास पुष्कळ ठिकाणीं पलटणींतले सार्जंट येऊं लागले. श्रीमंतांच्या मोठ्या शाळांतून त्याच काळीं क्रिकेट व फुटबॉल यांचा थाट होता. सारांश, धनिकांच्या मुलांस खेळ व गरिबांच्या मुलांस कवाईत, अशी वांटणी झाली. मैदानाला जागा लागते. कवाईतीला शाळेचें अरुंद अंगणहि पुरतें. १८८१ सालीं लंडनच्या स्कूल बोर्डानें मार्टिना बर्गमन या स्वीडिश बाईंची नेमणूक केली, तेव्हां निदान मुलींच्या शाळांत शिपाईगिरीऐवजीं शरीरशास्त्राला धरून व्यायाम येऊं लागला.

पुढें १८९९ ते १९०२ या काळांतील बोअर युद्धानें इंग्लंडास मोठा धक्का दिला. सैन्यांत भरती होण्यास आलेले कित्येक तरुण शरीरानें अपात्र ठरले. भ्यालेल्या अधिकाऱ्यांनीं १९०२ सालीं युद्धखात्याच्या सल्ल्यानें शाळांसाठीं एक अभ्यासक्रम काढला. तो बहुतेक लष्करी कवाईतीचाच होता. मूल म्हणजे लहान आकाराचा शिपाई, अशी त्यामागील कल्पना! शिक्षकांनीं व इतर जाणत्यांनीं त्यावर एवढी टीका केली कीं दोनच वर्षांत तो बदलावा लागला. त्याच सुमारास, १९०४ सालीं, राष्ट्राच्या शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला. मुलांचे देह दुबळे असण्याचें कारण कवाईतीचा अभाव एवढेंच नसून भूक, अस्वच्छता व न ओळखलेले रोग हीं आहेत, हें त्यांतून स्पष्ट झालें. १९०६ सालीं शाळेंत जेवण देण्याचा व १९०७ सालीं वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला तो यानंतर. उपाशी मुलाकडून हात वरखालीं करवून घेणें म्हणजे व्यायाम नव्हे, एवढें शहाणपण येण्यास एक युद्ध खर्चीं पडलें.

यानंतरचे अभ्यासक्रम पाहिले म्हणजे सार्जंट हळूहळू मागें सरत असल्याचें दिसतें. १९०९ चा स्वीडिश पद्धतीचा होता; १९१९ च्या अभ्यासक्रमांत लहान मुलांच्या खेळांना व नृत्याला बरीच जागा मिळाली; १९३३ चा आणखी मोकळा झाला. अखेर १९५२ सालीं सरकारनें प्राथमिक शिक्षकांसाठीं जें पुस्तक काढलें त्याच्या नांवाचा अर्थच ‘हालणें आणि वाढणें’ असा आहे. गुट्समुट्सनें जेथून आरंभ केला त्याच्या जवळपास पोंचण्यास सुमारें दीडशें वर्षें लागलीं.

आमच्याकडील कथा निराळी आहे. येथें खेळ शाळेनें शिकविला नाहीं. तो गल्लींत, देवळाच्या पटांगणांत व नदीच्या वाळवंटांत होता. हुतुतू, खो-खो, आट्यापाट्या, लगोऱ्या, विटीदांडू हे खेळ मोठ्या मुलांकडून लहानांकडे आपोआप येत. मुलींकडे फुगड्या व झिम्मा होता. तालमींची परंपराहि थोर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळचे बाळंभटदादा देवधर यांचें नांव मल्लखांबाशीं कायमचें जोडलेलें आहे. विसाव्या शतकांत तिला राष्ट्रीय वळण मिळालें. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान आखाडा काढला; त्यांतूनच वाढलेल्या व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें देशी खेळ करून दाखविले. त्याच वर्षापासून बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघूं लागले. मुंबई सरकारनें १९३७ सालीं स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालीं शारीरिक शिक्षणाची समिति नेमली, आणि १९३८ सालीं कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था निघाली.

हें कार्य मोठें आहे, यांत शंका नाहीं. परंतु तालीम ही तरुणांची, त्यांतहि मुलग्यांची. सहासात वर्षांच्या मुलामुलींची चिंता कोणी फारशी केली नाहीं. कारण त्यांच्यासाठीं गल्ली होतीच, असें सर्वांनीं गृहीत धरलें. आज ती गल्ली राहिलेली नाहीं. तेथें मोटारी उभ्या आहेत, पटांगणावर इमारती आल्या आहेत, आणि मूल शाळेंतून शिकवणीस व शिकवणीहून पडद्यासमोर जातें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पांच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीं दररोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल आवश्यक मानली. पूर्वीं असा हिशेब मांडण्याचें कारण नव्हतें. संध्याकाळीं मुलांना घरांत आणणें हेंच काम असे.

म्हणून जो भार गल्लीनें वाहिला तो आतां शाळेनें घेतला पाहिजे. २००९ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानें प्रत्येक शाळेस क्रीडांगण व खेळाचें साहित्य असावें असें सांगितलें, हें फार उत्तम झालें. मात्र त्याच कायद्याच्या परिशिष्टांत शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन शिक्षक सांगितला आहे तो सहावी ते आठवीसाठीं, आणि तोहि शंभरांहून अधिक मुलें असतील तर. पहिली ते पांचवीच्या मुलांस मैदान मिळालें, पण त्यांना खेळविणारा माणूस वर्गशिक्षकावांचून दुसरा नाहीं. त्या शिक्षकाच्या मानेवर पुन्हा भागाकार बसलेलाच आहे.

येथें सुशिक्षित कुटुंबांचा संबंध येतो. इंग्लंडांत खेळाचा तास अनुदानानें खाल्ला; आमच्याकडे तो पालकांच्या अपेक्षेनें खाल्ला. पालकसभेंत आम्ही गुणांविषयीं विचारतों. या आठवड्यांत मुलें किती वेळ मैदानावर होतीं, हें विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. ज्यांस खेळाचें प्रेम आहे तेहि बहुधा पदकाच्या आशेनें एकाददुसरें चपळ मूल निवडतात, व उरलेलीं अडतीस टाळ्या वाजविण्यास बसतात. शिपायाऐवजीं विजेता हवा, एवढाच फरक. मूल दोन्हीकडे साधनच. लंगडी, खो-खो, लगोऱ्या यांना पैसा लागत नाहीं. सगळा वर्ग एकदम खेळूं शकतो आणि लठ्ठ, लाजाळू व हळू मुलालाहि जागा असते. लागतो तो एक तास, आणि तो कोणी हिरावून घेणार नाहीं एवढी हमी.

आम्हांस भागाकार चांगला येतो. तो त्या शनिवारांमुळें आला असें म्हणवत नाहीं. सोमवार ते शुक्रवार त्याच्यासाठीं होतेच. गुरुजींना त्या वेळीं आमच्या वडिलांपैकीं एकानें जरी येऊन ‘आज मुलांना बाहेर सोडा’ असें म्हटलें असतें, तर त्यांनीं खडू आनंदानें खालीं ठेवला असता, असें आम्हांस आतां वाटतें.