रॅगच्यू : हॅम रेडिओवरच्या निवांत गप्पा

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवलेले बिनतारी केंद्र. या हौशी मंडळींनी एकमेकांशी केलेल्या निवांत, बिनकामाच्या गप्पांना 'रॅगच्यू' म्हणतात. इंग्रजी शब्दाचा अर्थ चिंधी चघळणे असा होतो. मराठीत त्याला 'गप्पांचे गुऱ्हाळ' हा शब्द अधिक जवळचा.

सगळ्याच हॅमना गप्पांत रस असतो असे नाही. स्पर्धेत किंवा दूरचे देश गाठण्याच्या नादात असलेला हॅम कॉलसाइन आणि सिग्नलचा दर्जा सांगतो आणि काही सेकंदांत पुढच्या केंद्राकडे वळतो. रॅगच्यूवाल्याला घाई नसते. नवा अँटेना, दुखरा गुडघा, पाऊस, पाहुणे, जुन्या सेटमधला बिघडलेला भाग, काहीही विषय चालतो. अमेरिकेतील हौशींच्या एआरआरएल या संघटनेने तर सलग अर्धा तास बोलणाऱ्यांसाठी 'रॅग च्युअर्स क्लब' चालवला.

या गप्पांना कायद्यातही जागा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनुसार दोन देशांतील हौशी केंद्रांनी आपल्या छंदाशी निगडित आणि 'व्यक्तिगत स्वरूपाचे' बोलणे करायचे असते. धंद्याचे बोलणे चालत नाही. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषाही वापरता येत नाही. म्हणजे गुडघेदुखी चालते, मालाचा भाव चालत नाही. शिवाय रेडिओ असलेला कोणीही हे सारे ऐकू शकतो, त्यामुळे कुचाळक्या जपूनच कराव्या लागतात.

गप्पांची वेळ आकाश ठरवते. ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर दिवसा साधारण काही शे किलोमीटरपर्यंत चांगले ऐकू येते. पुण्याहून सोलापूर किंवा कोल्हापूर गाठायला तो सोयीचा. रात्री त्याच पट्ट्यावर हजारो किलोमीटर दूरची केंद्रे येऊ लागतात आणि जवळचा मित्र मात्र बऱ्याचदा हरवतो.

बोलण्याची रीतही यंत्रामुळे ठरते. बटण दाबून बोलत असताना समोरचा ऐकू येत नाही, म्हणून मध्येच तोंड घालता येत नाही. एकाने 'ओव्हर' म्हटल्यावर दुसऱ्याने क्षणभर थांबायचे, कारण त्या फटीत तिसरा कोणी 'ब्रेक' म्हणून आत येऊ शकतो. ही फट न ठेवणारे दोघेजण फार लवकर अप्रिय होतात.

तारायंत्राच्या काळातले संकेत या बोलण्यात अजून टिकून आहेत. 'क्यूआरएन' म्हणजे हवेतली नैसर्गिक खरखर, 'क्यूआरएक्स' म्हणजे थांबा. त्यामुळे "दोन मिनिटं क्यूआरएक्स, कुकरची शिट्टी झाली" असे वाक्य हॅमच्या घरात सहज शोभते. निरोपाला '७३' म्हणजे शुभेच्छा. पुरुष हॅम वीस वर्षांचा असला तरी 'ओल्ड मॅन'च असतो. अहो, अरे की काका, हा मराठी पेच त्याने परस्पर सुटतो. मोर्समध्ये हसायचे तर 'एचआय' पाठवतात. चार टिंबे आणि दोन टिंबे कानाला खुदखुदल्यासारखी वाटतात. काहीजण तोंडी बोलतानाही 'हाय हाय' म्हणतात, पण मराठी कानाला तो विलापच वाटेल.

अशा रोजच्या बोलण्यातून कोणाचा सेट कसा चालतो, कोण कुठून कधी ऐकू येतो, हे आपोआप कळत जाते. रांगेने बोलायची सवयही लागते. आपत्तीत नेमके हेच लागते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालचे हॅम पथक व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनने पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या हौशींशी संपर्क साधत होते. ती मोहीम मदतीची नव्हती, निव्वळ हौसेची होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच केंद्रावरून लोकांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले.

रोज ठरल्या वेळी येणारा आवाज दोन दिवस आला नाही, तर गटातला कोणीतरी फोन करून पाहतो. अनेक हॅम उतारवयाचे आणि एकटे राहणारे असतात, त्यामुळे ही चौकशी वरवरची नसते. निधन पावलेल्या हॅमला 'सायलेंट की' म्हणतात. की म्हणजे मोर्स पाठवायची कळ. ज्याने आयुष्यात कधी मोर्स पाठवले नाही, फक्त गप्पाच मारल्या, त्याच्यासाठीही हाच शब्द वापरतात.