पतपेढी आणि हिशेबावरील पहारा

धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकांत पैशाच्या कारभाराचा विषय कांहीं वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु पतपेढीचें पासबुक नसलेलीं घरें आपल्या बाळकुमांत थोडींच सांपडतील. या पेढ्या कशामुळें तगतात व कशामुळें बुडतात, हें इतिहासाच्या आधारें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या संस्थांचा एक उगम जर्मनींत आहे. रायफायझेन नामक नगराध्यक्षानें १८६४ सालीं हेडेसडोर्फ येथें शेतकऱ्यांची पतपेढी काढली. पेढीचें क्षेत्र एका धर्मग्रामाएवढें असावें, असा त्याचा आग्रह. संचालक बिनपगारी, वेतन फक्त हिशेबनिसाला, आणि कर्जमंजुरींत त्याला मत नाहीं. संचालकांवर देखरेख करणारें मंडळ निराळें. सभासदांची जबाबदारी अमर्याद असल्यामुळें शेजाऱ्यानें कर्जाच्या पैशांतून बैल आणला कीं तो दारूंत घालविला, इकडे सर्वांचें लक्ष असे. कर्ज देणारा हात व तें वहींत लिहिणारा हात वेगळे ठेवणें, हेंच त्या योजनेचें मर्म होय, असें आम्हांस वाटतें.

हिंदुस्थानांत १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०९ सालीं येशूसंघीय फादर हॉफमन यांनीं छोटा नागपुरांत कॅथोलिक पतसंस्था उभारली. १९१८ सालीं वसईस जी निघाली, तीच आजची बसीन कॅथोलिक बँक. मधल्या १९१२ च्या कायद्यानें प्रत्येक संस्थेचे हिशेब वर्षांतून एकदां तरी तपासावे असें ठरविलें, व त्या तपासणींत थकबाकीची छाननीही घातली. हें कलम लिहिणारा मोठा जाणता असला पाहिजे! थकलेलें कर्ज वहींत येणें म्हणूनच दिसतें, आणि त्यावरचें न मिळालेलें व्याज नफ्यांत धरलें म्हणजे ताळेबंद मोठा गोजिरवाणा होतो.

उदाहरणार्थ, एखादी पेढी ठेवीवर शेंकडा ७ देते, कर्जावर ११ घेते आणि खर्चास २ जातात असें धरूं. उरले २ रुपये. तर १०० रुपयांचें एक कर्ज बुडाल्यास तेवढ्याच रकमेच्या ५० चांगल्या कर्जांची वर्षाची कमाई त्यांत जाते. दुसऱ्या सहीचा व तपासनिसाचा खर्च ज्यांस जड वाटतो, त्यांनीं हा हिशेब करून पाहावा.

पेढी वाढली, शाखा झाल्या, कीं शेजाऱ्याची नजर सुटते. तिची जागा नियमांनीं भरून काढावी लागते. भांडुप येथें मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचें काय झालें, हें सर्वांस स्मरत असेल. २०१९ च्या सप्टेंबरांत रिझर्व्ह बँकेनें तिच्यावर निर्बंध घातले. तिच्या कर्जांपैकीं शेंकडा ७० हून अधिक रक्कम एकाच बांधकाम-समूहाकडे गुंतली होती, व ती झांकण्यास २१ हजारांहून अधिक खोटीं खातीं दाखविलीं होतीं, असें तपासांत निघालें. ठेवीदारांस आरंभीं सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. २०२२ च्या जानेवारींत ती बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाली.

२०२५ च्या फेब्रुवारींत न्यू इंडिया सहकारी बँकेची पाळी आली. येथें खोट्या खात्यांचीही गरज पडली नाहीं. प्रभादेवी व गोरेगांव येथील तिजोऱ्यांतून १२२ कोटी रुपयांचा अपहार झाल्याची फिर्याद पोलिसांत नोंदली गेली. वहींत रोकड होती. उणीव उघड झाली ती रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनीं तिजोरीची तपासणी केली तेव्हां. त्याच वर्षीं ऑगस्टांत ही बँक सारस्वत बँकेंत विलीन झाली.